मावशीचा लॅपटॉप नव्या राउटरला जोडणे : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम एवढंच आहे की मावशीचा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडायचा. जुना राउटर गेला, नवीन वायफाय ६ वाला आला, नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुनेच ठेवले म्हणून फोन, टीव्ही, प्रिंटर सगळं आपोआप जोडलं गेलं, फक्त हा लॅपटॉप राहिला. विंडोज १० आहे, मशीन जुनं पण ठणठणीत, आणि मावशीचं टायपिंगचं सगळं काम त्याच्यावरच चालतं. "आता नवीनच घे" असं तिला चौघांनी सांगून झालंय, मला ते पटत नाही. कारण कळल्याशिवाय मशीन बाद करायचं नाही, म्हणून नोंदी ठेवतेय.

वायफाय लागत नाही या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असतात. आधी कार्ड चालू असून ऐकतंय का, मग आपल्या नेटवर्कचं नाव यादीत दिसतं का, मग पासवर्डची देवाणघेवाण पूर्ण होते का, मग राउटरकडून आयपी पत्ता (मशीनचा नेटवर्कवरचा क्रमांक) मिळतो का, आणि शेवटी डीएनएस चालतं का म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडतो का. या पायऱ्या याच क्रमाने येतात. कुठल्या पायरीवर अडलंय ते न बघता सेटिंग फिरवत बसलं की मूळची अडचण कुठे होती तेच कळेनासं होतं.

आज एवढंच बघितलं. विमान मोड बंद आहे, कीबोर्डवरचा वायफायचा दिवा लागलेला आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतंय आणि त्याच्यावर पिवळं चिन्ह नाही. यादीत आजूबाजूची बरीच नेटवर्क दिसतात पण आपलं नाव येतच नाही, वायफायच्या दोन बँडांपैकी (रेडिओ पट्ट्यांपैकी) ना २.४ गिगाहर्ट्झचं ना ५ चं. लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन ठेवला तरी तेच. म्हणजे पहिली पायरी ठीक, दुसरीवर अडलंय.

"नेटवर्क रिसेट" बटण दाबायचा मोह सगळ्यांना होतो. ते बटण सगळे अडॅप्टर (नेटवर्कची कार्डं) काढून परत बसवतं आणि साठवलेली नेटवर्क पुसून टाकतं, कधी काम होतंही, पण नक्की काय बिघडलं होतं ते त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. तूर्तास दाबत नाहीये.

७ जानेवारी

आज काही बदलायचं नाही, फक्त माहिती गोळा करायची असं ठरवलं होतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स" चालवलं. ही कमांड खरं तर सगळ्यात आधी चालवावी, कारण कार्डाला काय जमतं आणि काय नाही ते एकाच पानावर कळतं. आपलं कार्ड ८०२.११एसी (वायफाय ६ च्या आधीची पिढी) पर्यंतचं आहे, म्हणजे दोन्ही बँड पकडतं. हे बघणं गरजेचं होतं कारण कार्ड फक्त २.४ वालं असतं तर ५ चं नाव दिसण्याची वाट बघण्यात काही अर्थच नव्हता. ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला हे कार्ड चालवता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमची, तारीख २०१५ ची. आणखी एक ओळ टिपून ठेवली, "८०२.११डब्ल्यू मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन : नाही". हिचं काम पुढे पडेल असं वाटतंय.

मग फोनचा हॉटस्पॉट चालू करून बघितला. तो लगेच दिसला, पासवर्डही घेतला, आणि खाली लिहून आलं "कनेक्टेड, इंटरनेट नाही". मावशी म्हणाली, "अगं, म्हणजे फोनचा डेटा संपला असेल." पण त्याच हॉटस्पॉटवर दुसरा फोन व्यवस्थित चालत होता. "आयपीकॉन्फिग ऑल" केलं तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा.

हा आकडा दिसला की निम्मं निदान झालंच. कुठलंही मशीन नेटवर्कवर आलं की डीएचसीपीने पत्ता मागतं, त्यात चार निरोप असतात : मशीन ओरडतं कुणी पत्ता देणारं आहे का, समोरून देऊ केला जातो, मशीन तोच पक्का मागतं, समोरून होकार येतो. यातलं काहीच पूर्ण झालं नाही तर विंडोज थोडा वेळ थांबून १६९.२५४ मधला एक पत्ता स्वतःच स्वतःला लावून घेतं. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. तेव्हा हा पत्ता दिसला की वेबसाइट, ब्राउझर, डीएनएस या कशाकडेही बघू नका, चौथी पायरीच चढलेली नाहीये.

म्हणजे इथे एकावर एक दोन अडचणी आहेत. आपलं नेटवर्क दिसत नाही ही एक, आणि कुठल्याही नेटवर्कवर पत्ता मिळत नाही ही दुसरी. दुसरी बहुतेक राउटर बदलायच्या आधीपासून कधीतरी चालू झाली असणार. मावशीला विचारलं तर म्हणाली की जुन्या राउटरवरही शेवटचे काही दिवस इंटरनेट येत-जात होतं, तिला वाटलं राउटरच खराब झाला म्हणून तर बदलायला लावला. ही माहिती फार मोलाची आहे. दुरुस्तीला बसलेल्याने मशीन वापरणाऱ्या माणसाला पाच मिनिटं नीट विचारलंच पाहिजे, कधीपासून, काय करताना, त्याआधी काय टाकलं किंवा काढलं.

८ जानेवारी

पत्त्याची अडचण आधी घेतली कारण ती दोन्हीकडे लागू आहे.

राउटरपासून लॅपटॉपला सरळ केबल लावली, वायफाय बंद केलं. केबलवरही १६९.२५४! मला तर आनंदच झाला, कारण एका फटक्यात वायफाय कार्ड, अँटेना, सिग्नल, पासवर्ड हे सगळे संशयित बाद झाले. केबल आणि वायफाय ही दोन वेगळी अडॅप्टर, दोघांनाही पत्ता मिळत नाही, म्हणजे अडथळा दोघांच्याही वर, विंडोजमध्येच कुठेतरी आहे. घरात केबलचा एक तुकडा असावाच.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन बघितलं, "डीएचसीपी क्लायंट" चालू आहे. अडॅप्टरच्या आयपी सेटिंगमध्ये पत्ता आपोआप घे असंच निवडलेलं आहे, कुणी हाताने भरलेला नाही. मग लॅपटॉप सेफ मोड विथ नेटवर्किंगमध्ये सुरू केला, केबल तशीच ठेवून. सेफ मोडमध्ये वायफायची सेवा चालू होईलच असं नसतं म्हणून ही चाचणी केबलवरच करावी. तिथे क्षणात १९२.१६८.१ मधला पत्ता आला आणि साइटही उघडली.

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त स्वतःचं मोजकं सामान घेऊन उठतं, बाहेरचे प्रोग्रॅम आणि त्यांचे ड्रायव्हर बाजूला राहतात. तिथे चालतं आणि एरवी चालत नाही, म्हणजे दोष नंतर टाकलेल्या कशात तरी आहे. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडल्या, तिथे एक यादी असते, आयपीव्ही४, आयपीव्ही६, फाइल शेअरिंग वगैरे, प्रत्येकापुढे टिक. त्या यादीत एका जुन्या अँटिव्हायरसचा नेटवर्क फिल्टर बसलेला सापडला. तो अँटिव्हायरस मावशीने मागेच मुदत संपल्यावर काढून टाकला होता. प्रोग्रॅम गेला, फिल्टर मागे राहिला. हा फिल्टर येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट तपासायला मध्ये उभा असतो, आणि मागचा प्रोग्रॅम नाहीसा झाल्यावर त्याने पॅकेट पुढेच सोडली नाहीत.

टिक काढली, "आयपीकॉन्फिग रिन्यू" केलं, केबलवर पत्ता आला. टिक परत लावली, पत्ता गेला. परत काढली, परत आला. हे उलटसुलट करून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर योगायोगाने सुटलेलं आणि खरं सुटलेलं यातला फरक कळत नाही.

९ जानेवारी

नुसती टिक काढून ठेवणं पुरेसं नाही, उरलेलं सगळं साफ केलं पाहिजे. बहुतेक अँटिव्हायरस बनवणारे स्वतःचं वेगळं सफाईचं टूल देतात, ते फोनवर उतरवून पेनड्राइव्हने आणलं. आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट केला, मग टूल चालवलं, रिस्टार्ट. यादीतून फिल्टरचं नावच गेलं. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर चालू झालाय ना ते तपासलं, झालाय.

हॉटस्पॉटवरही आता पत्ता मिळतो, नेट चालतं. एक अडचण संपली.

बऱ्याच ठिकाणी अशा वेळी "नेटएसएच विनसॉक रिसेट" सांगतात. त्याने प्रोग्रॅम आणि नेटवर्क यांच्यामधली विनसॉकची यादी मूळपदावर येते, व्हायरस किंवा जुन्या प्रोग्रॅमने त्यात काही घुसवलं असेल तर उपयोग होतो. इथला अडथळा त्याच्याही खाली ड्रायव्हरच्या थरात होता, त्यामुळे ती कमांड देऊन काही झालं नसतं, रिस्टार्ट तेवढा वाया.

११ जानेवारी

आता नाव न दिसण्याकडे.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश सोडत असतो, त्याला बीकन म्हणतात. त्यात नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार, वेग, चॅनल अशी माहिती असते आणि लॅपटॉपवरची यादी मुख्यतः हे बीकन ऐकूनच बनते. वायफाय ६ म्हणजे ८०२.११एएक्स आल्यावर बीकनमध्ये नवीन मजकुराची भर पडली. न समजणारा भाग सोडून बाकीचं वाचावं असा नियम आहे, पण काही जुन्या ड्रायव्हरना तो भाग आला की पूर्ण बीकनच टाकून द्यायची खोड होती. आपला ड्रायव्हर २०१५ चा आणि वायफाय ६ चं प्रमाणीकरण सुरू झालं २०१९ ला, त्यामुळे मला हाच संशय होता.

तपासायला सोपं आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा मोड एएक्स वरून जुन्या बी-जी-एन वर आणला, ५ चा एएक्स वरून एसी वर. एक-दोन मिनिटांत लॅपटॉपवर नाव दिसलं! परत एएक्स चालू, नाव गायब. ठरलं.

मोड जुनाच ठेवून विषय मिटवता आला असता, पण मग एका लॅपटॉपसाठी घरातल्या सगळ्या नवीन फोनांनी हळू चालायचं, ते काही बरोबर नाही. ड्रायव्हरच बदलायचा. डिव्हाइस मॅनेजरमधलं "ड्रायव्हर अपडेट करा" दाबलं तर उत्तर आलं की उत्तम ड्रायव्हर आधीच टाकलेला आहे. त्यावर थांबू नये, याचा अर्थ फक्त एवढाच की विंडोजला आपल्याकडे याहून नवा सापडला नाही. लॅपटॉप कंपनीच्या पानावरही जुनाच होता. कार्डातली चिप बनवणाऱ्याच्या पानावर मात्र बराच नवीन मिळाला. चिपचं नेमकं मॉडेल डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडीत सापडतं, त्यावरूनच शोधावं, लॅपटॉपच्या नावावरून शोधलं की भलत्याच साइट समोर येतात ज्या ड्रायव्हरच्या नावाखाली काहीही टाकायला लावतात.

नवीन ड्रायव्हर टाकला, रिस्टार्ट केलं, राउटर परत एएक्स वर आणला. दोन्ही बँड दिसतात. जुना ड्रायव्हर "रोल बॅक" ने परत आणता येतो हे बघून ठेवलंय.

१२ जानेवारी

नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं, पासवर्ड न विचारताच "या नेटवर्कला जोडता येत नाही". तिसरी पायरी.

सगळ्यात आधी साठवलेलं प्रोफाइल विसरायला लावलं. आपण नाव जुनंच ठेवलंय, त्यामुळे लॅपटॉप जुन्या राउटरच्या वेळची सुरक्षा सेटिंग घेऊनच जोडायला जातो. विसरल्यावर पासवर्ड विचारला, नीट बघून टाकला, तरी तेच उत्तर. तोच पासवर्ड फोनवर चालतो.

"नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट" ने विंडोज मागच्या तीन दिवसांचा अहवाल बनवून देतं, कधी जोडलं, कधी तुटलं, कारण काय. त्यात अपयश पत्ता मागायच्या आधीच, सुरक्षेच्या टप्प्यावर दिसत होतं. राउटर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) यांच्या मिश्र मोडमध्ये आहे. तात्पुरता फक्त डब्ल्यूपीए२ केला, लॅपटॉप जोडला गेला, पत्ता मिळाला, साइट उघडल्या, मावशीने टाळ्याच वाजवल्या. पण मला तसं सोडायचं नव्हतं. डब्ल्यूपीए२ मध्ये कुणी जोडणीच्या वेळची देवाणघेवाण पकडून ठेवली तर तो नंतर निवांत आपल्या मशीनवर पासवर्डचे अंदाज लावत बसू शकतो, डब्ल्यूपीए३ मध्ये तो मार्ग बंद केलेला आहे. फोनांना ते संरक्षण मिळत असताना काढून का घ्यायचं.

इथे ७ तारखेला टिपलेली ओळ कामी आली. नवीन ड्रायव्हरवरही कार्ड ८०२.११डब्ल्यू ला "नाही"च म्हणतंय. ही सोय जोडणी-तोडणीचे जे व्यवस्थापनाचे निरोप असतात त्यांना संरक्षण देते. डब्ल्यूपीए३ ला ती सक्तीची आहे, मिश्र मोडमध्ये मात्र ज्याला जमतं त्याने वापरावी अशी ऐच्छिक असायला हवी. राउटरच्या प्रगत सेटिंगमध्ये शोधलं तर तिथे "पीएमएफ : आवश्यक" निवडलेलं होतं, पीएमएफ म्हणजे हीच ८०२.११डब्ल्यू ची सोय. मिश्र मोड परत लावला, पीएमएफ "ऐच्छिक" केलं, लॅपटॉप डब्ल्यूपीए२ ने जोडला गेला आणि फोन डब्ल्यूपीए३ वरच राहिले. हवं होतं ते नेमकं हेच.

लॅपटॉपला गेस्ट नेटवर्कवर टाकणं हा दुसरा मार्ग होता. पण गेस्टवरची उपकरणं सहसा घरातल्या इतर उपकरणांपासून तोडलेली असतात, प्रिंटर दिसला नसता, आणि मावशीला रोज प्रिंट लागतात.

१७ जानेवारी

चार दिवस छान चाललं. काल संध्याकाळी ५ गिगाहर्ट्झ अचानक तुटलं, लॅपटॉप २.४ वर गेला आणि नंतर बराच वेळ ५ चं नाव यादीतच नव्हतं. राउटरच्या नोंदीत बघितलं तर चॅनल आपोआप बदलून १०० वर गेला होता.

५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. त्यावर जायच्या आधी राउटरला किमान एक मिनिट गप्प राहून ऐकावं लागतं की रडार तर नाही ना, आणि नंतर कधीही रडारसारखा सिग्नल आला की चॅनल सोडावा लागतो. लॅपटॉपही या चॅनलवर स्वतःहून हाक मारत नाही, राउटरचा बीकन कानावर पडेपर्यंत थांबतो, त्यामुळे नाव उशिरा दिसतं आणि जुन्या कार्डांवर हे जास्तच जाणवतं. राउटर "ऑटो" वरून काढून चॅनल ३६ पक्का केला, ८० मेगाहर्ट्झ रुंदीत तो ३६ ते ४८ एवढा भाग घेतो, रडारच्या पट्ट्याच्या बाहेर. २.४ ला चॅनल १ आणि रुंदी २० केली. तिथे १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर न चढणारे चॅनल आहेत, आणि शेजारची बहुतेक नेटवर्क ६ आणि ११ वर दिसत होती.

सिग्नलही मोजून ठेवला. "शो इंटरफेसेस" टक्क्यात दाखवतं, विंडोजच्या हिशोबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि ० टक्के म्हणजे उणे १००. मावशीच्या टेबलावर ५ चा ७० टक्के येतो, म्हणजे उणे ६५ च्या आसपास, टायपिंग आणि व्हिडिओ कॉलला भरपूर.

२१ जानेवारी

मावशीची तक्रार : झाकण बंद करून उघडलं की कधी कधी वायफाय येत नाही, रिस्टार्ट केलं की येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशी टिक होती, काढली. पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरचं सेटिंग कमाल कामगिरीवर ठेवलं. फास्ट स्टार्टअपही बंद केलं, कारण ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर साठवून तीच परत उचलतं, खरी नवी सुरुवात फक्त रिस्टार्टला होते. बूट थोडं हळू होईल, चालेल.

२ फेब्रुवारी

तेव्हापासून एकदाही तुटलेलं नाही. अहवाल परत काढून बघितला, जोडणी सगळीकडे हिरवी. मावशीने परवा दोन तास व्हिडिओ कॉल केला, मग स्वतःच मला फोन करून सांगितलं.

आज लॅपटॉपवरचे सगळे बाहेरचे ड्रायव्हर "पीएनपीयूटिल" च्या एक्सपोर्ट कमांडने पेनड्राइव्हवर काढून ठेवले. विंडोज परत टाकायची वेळ आली तर वायफायचा ड्रायव्हर नसल्यामुळे नेट नाही आणि नेट नसल्यामुळे ड्रायव्हर नाही अशी कोंडी होते, ती आता होणार नाही. राउटरची सेटिंगही फाइलमध्ये साठवली, आणि मावशीच्या वहीत लिहून दिलं : चॅनल ३६, पीएमएफ ऐच्छिक, फास्ट स्टार्टअप बंद.

बाकी आहे ते असं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. पुढच्या आठवड्यात पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकताच चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून बघणार आहे, कार्ड तिथे ओळखलं जातं का, मावशीचा फाँट आणि कीबोर्डचा लेआउट मिळतो का आणि प्रिंटर निघतो का. डिस्कला हात लावायच्या आधी तिच्या सगळ्या फाइलींचा बॅकअप घ्यायचा, तो शनिवारी तिच्या समोर बसूनच घेणार.